फळीवरची माणसं

राजारामपुरीतल्या आमच्या गेम झोनमध्ये सगळ्यात जास्त पैसे मिळवून देणारी गोष्ट म्हणजे एक लाकडी फळी. सुताराकडून कापून आणलेली, माणसाच्या उंचीएवढी लांब, वीतभर रुंद, जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर. एका टोकाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलीय, त्यामुळे पाय पडला की फळी किंचित डुगडुगते. समोर टेबलफॅन. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं. डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जगाचा, हेडसेट घातलेल्याला मात्र लिफ्टचं दार उघडताना दिसतं, आणि दाराबाहेर उंच इमारतीच्या माथ्यावरून हवेत निघालेली तीच फळी. खाली रस्ता, गाड्या, आणि अंगावर येणारा वारा. रिचीज प्लँक एक्स्पीरियन्स नावाचा हा ऑस्ट्रेलियन खेळ. खरी फळी ठेवून तिचं माप खेळात भरायची सोय त्यांनीच दिलीय. पुठ्ठा आणि पंखा ही आमची कोल्हापुरी भर.

एकदा एका तालमीतली पोरं आली. त्यातला सगळ्यात थोराड गडी, कान मोडलेले, गावोगावच्या मैदानांत नाव असलेला. लिफ्टचं दार उघडलं आणि त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. "आरं हो की फुडं!" म्हणून मित्र ओरडतायत, मोबाईलवर शूटिंग चाललंय, आणि हा जमिनीपासून दोन बोटांवर उभा राहून म्हणतोय, "मालक, पाय उचलंना की." मी हात दिला तर असा आवळला की अंगठीचा वळ संध्याकाळपर्यंत होता. हेडसेट काढल्यावर पहिलं वाक्य, "वस्तादांस्नी कळलं न्हाई पायजे."

आणि मग गगनबावड्याकडच्या एक आजी आल्या होत्या, नातवाबरोबर. नऊवारी नेसलेल्या, वय सत्तरीच्या पुढे. नातवाची हौस म्हणून डोक्यावर ते डबडं चढवून घेतलं. लिफ्टचं दार उघडलं तशा फळीच्या टोकापर्यंत तुरुतुरु गेल्या, वळल्या आणि परत आल्या. मला वाटलं चित्रच बंद पडलं असणार.

"आजी, खाली काय दिसलं?"

"रस्ता. गाड्या. लई खोल हाय की रं लेकरा."

"मग भ्या नाही वाटलं?"

"ह्यापरीस आमचा साकव वाईट हुता. पावसाळ्यात खालनं वढा धो धो चाललेला, डोस्क्यावर गवताचा भारा, आन लाकडं समदी शेवाळल्याली. थांबलं की पडलं. चालत ऱ्हायाचं."

व्हीआरबद्दल पेपरात जे येतं त्यात एक भीती नेहमी असते: उद्या माणसाला खरं काय आणि खोटं काय हेच कळेनासं होईल. फळीशेजारी उभा राहून मला हे पटत नाही. पैलवानाला पक्कं माहीत होतं की तो राजारामपुरीत आहे. मित्रांचा आवाज त्याला ऐकू येत होता, फळी त्याने स्वतः बघून ठेवली होती. तरी पाय उचलत नव्हता. मेल स्लेटर नावाच्या संशोधकाने २००९ मध्ये याची नीट फोड करून ठेवलीय. एक भास 'मी इथे आहे' असा, दुसरा 'हे खरंच घडतंय' असा, आणि हे दोन्ही भास माणसाला सगळं ठाऊक असतानाही होतात. बुद्धीला सांगून पोटऱ्यांचं थरथरणं थांबत नाही. त्या दिवशी कंट्रोलरवरचा घाम मी फडक्याने पुसला, तो काही ग्राफिक्सचा नव्हता. आणि आजींचंही तसंच. त्यांनाही खोली दिसली, फक्त त्यांच्या पायांना त्या खोलीची आधीच सवय होती. मशीन एकच, पण येणारा माणूस आपापला साकव घेऊन येतो.

भावना खऱ्या असतात, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलाय. मला छळतो तो दुसराच. ती भावना येते त्या क्षणी माणसाबरोबर कोण असतं?

मयसभेची गोष्ट आपण 'फसवं दृश्य' म्हणून सांगतो. जमीन समजून दुर्योधन पाण्यात पडला. पण नुसतं पाण्यात पडल्याने युद्ध होत नाही. कपडे बदलून तो गेला असता घरी. त्याला झोंबलं ते बघणाऱ्यांचं हसणं. माझ्या मागच्या खोलीत ही मयसभा रोज भरायची. आत असलेला घाबरून किंचाळतोय, हवेत हात मारतोय, आणि बाहेरचे हसतायत. त्यांना काय दिसतं? रिकाम्या खोलीत चाचपडणारा एक माणूस. हसणार नाहीत तर काय करतील? पैलवानाच्या भावनेत खोट नव्हती आणि मित्रांच्या हसण्यातही दुष्टावा नव्हता. दोघांत भिंत होती, आणि त्या भिंतीची पावती आमच्या काउंटरवर फाडलेली होती.

यावर उपाय बायकोने काढला. ती काउंटर सांभाळते, आणि हसणाऱ्यांमुळे पोरी व्हीआरच्या खोलीत जायला बिचकतात हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "अहो, आत जे दिसतंय ते भिंतीवर लावा की सगळ्यांना." घरातला जुना बत्तीस इंची टीव्ही आणून हेडसेटचं चित्र त्यावर टाकलं. खोलीचा नूरच बदलला. लोकांना खाली खोल रस्ता दिसायला लागला तसं हसणं कमी झालं आणि खासबागेत कुस्ती लागल्यासारखा आरडाओरडा सुरू झाला. "डावीकडं सरक! खाली बघू नको! आता वळ, वळ!" कुणी पडला की सगळी खोली एकदम 'आईऽऽ' करते. घाबरलेला माणूस तोच, खेळ तोच, पण हेडसेट काढल्यावर त्याचा चेहरा वेगळा असतो. आधी लोक ओशाळून बाहेर यायचे. आता येतात ते सांगत येतात.

इथून पुढचं आमच्या खोलीपुरतं नाही. हे यंत्र घराघरात जाणार आहे आणि घरात त्याला भिंतीवरचा टीव्ही नसणार.

तसं बघितलं तर ही कल्पना नवीन नाही. मॉर्टन हायलिग या अमेरिकन माणसाने १९६२ मध्ये सेन्सोरामा नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात डोकं घालून बसायचं, आणि त्रिमिती चित्राबरोबर वारा, वास आणि हलणारी सीट. म्हणजे टेबलफॅनचा मान त्याचा, माझा नाही. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंडने डोक्यावर घालायचा पडदा बनवला. त्याची यंत्रणा छताला टांगावी लागली. पुढची बरीच वर्षं हे बहुतांशी लष्कर आणि प्रयोगशाळांत राहिलं. २०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने आपल्या ऑक्युलस कंपनीच्या हेडसेटसाठी लोकांकडून पैसे गोळा केले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला घेतली, आणि आता माझा मेहुणा दुबईहून येताना ती चीज बॅगेत खजुराशेजारी ठेवून आणतो.

चांगलं काय होतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर धंदा करणाऱ्यानेच रडगाणं गायचं म्हणजे कमालच. सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचा खेळ वापरला. ड्रेसिंग बदलताना रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे मारतो. भाजल्यावर ड्रेसिंग बदलणं म्हणजे काय असतं हे ज्याने घरात बघितलंय त्याला सांगायला नको. त्या वेळी वेदना बरीच कमी जाणवते असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी पुरतं, आणि ते बर्फात गुंतलं की वेदनेच्या वाट्याला कमी येतं. आमच्या बिल्डिंगमधल्या डेंटिस्ट मॅडम अधूनमधून लहान पोरांसाठी माझ्याकडून एक हेडसेट नेतात. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. हेडसेट घातला तरी पोराचा हात आईच्या हातातून सोडायचा नाही. "आत कुठंही जाऊ दे, हात इथं पाहिजे," म्हणतात.

रोलरकोस्टरचा खेळ मात्र आम्ही उभ्याने देत नाही. डोळे सांगतात आपण पडतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण जागेवर आहोत. या भांडणाचा निकाल पोट लावतं. काउंटरवर आलेपाकाची बरणी त्यासाठीच आहे. ज्यांना वाटतं की उद्या सगळी माणसं दिवसभर त्या जगातच राहतील, त्यांनी रविवारी संध्याकाळी येऊन आमची बादली बघावी.

आता त्या काकांचं सांगतो.

निवृत्त गृहस्थ, एकटे यायचे, दुपारी, गर्दी नसताना. समुद्राखालचे व्हिडिओ बघायचे, कधी हिमालय. फळीच्या वाटेला कधी गेले नाहीत. एकदा बघून झाल्यावर पाणी पीत बसले आणि मोबाईलवर मला एक क्लिप दाखवली. दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीने २०२० मध्ये दाखवलेल्या 'मीटिंग यू' या माहितीपटातली. एका आईची सात वर्षांची मुलगी आजाराने गेलेली. फोटो आणि व्हिडिओंवरून त्या मुलीची हालती-बोलती आकृती तयार केली, आईला हेडसेट आणि हातमोजे घातले, आणि हिरव्या पडद्याच्या स्टुडिओत ती आई हवेतल्या लेकीला चाचपडत रडते. ही क्लिप जगभर फिरली, तुम्हीही बघितली असेल.

काकांनी विचारलं, "आमच्या मिसेसचे व्हिडिओ आहेत भरपूर. मुलाच्या लग्नातले, अष्टविनायकाचे. बसतील का यात?"

मी म्हटलं, "काका, आमच्याकडं तसलं काही नाही."

"आज नाही. पण पाच-दहा वर्षांत?"

येईल. ते येणारच. आवाजाची नक्कल आताच होते, चेहऱ्याची होते, आणि बोलणाऱ्या यंत्रांना घरातल्या गोष्टी शिकवल्या की तीही 'अहो, गोळी घेतली का' म्हणतील. काकांच्या डोळ्यांत बघून 'यात वाईट काय' असंही मला म्हणता येईना आणि वाईट काय ते सांगताही येईना. त्यांच्या जागी मी असतो तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहिलो असतो.

पण ती क्लिप मी नंतर पुन्हा बघितली आणि दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे त्या आईचं कुटुंब तिथंच बसलेलं होतं, बघत होतं, रडत होतं. दुसरी म्हणजे त्या भेटीला शेवट होता. ती मुलगी झोपी जाते आणि भेट संपते. बनवणाऱ्यांनी ती संपवायची असं ठरवलेलं होतं.

आपल्याकडे दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवतात आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहतात. कावळा शिवत नाही. मग कुणीतरी पुढं होऊन हात जोडून मोठ्याने सांगतं, "धाकटीचं शिक्षण आम्ही बघतो, काळजी करू नका." तरी नाही. मग आणखी कुणी आठवून आठवून काहीतरी कबूल करतं. माझ्या वडिलांच्या वेळी चुलत्याने बांधाच्या भांडणाचं सगळ्यांसमोर कबूल केलं आणि कावळा आला. शेवटी नाहीच आला तर दर्भाचा कावळा करतात, पण संपवतात. श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद घालणाऱ्यांनी तो खुशाल घालावा. मला त्यातली मांडणी दिसते. गेलेल्या माणसाशी शेवटचं बोलणं असतं, ते चारचौघांत असतं, त्यात जिवंत माणसं एकमेकांना बांधून घेतात, आणि मग सगळे घरी जातात.

महिन्याची वर्गणी भरून चालणाऱ्या, यंत्रातल्या बायकोला कावळा कधी शिवणार? कंपनीला तो शिवून चालणारच नाही. वर्गणी संपायच्या आठवड्यात तीच म्हणेल, 'जाताय का? एवढ्यात?' आणि ती हे कशी म्हणेल, कुठल्या आवाजात म्हटलं की काकांचा हात पैसे भरायच्या बटणावर जातो, हे त्या यंत्राला माहीत असेल, कारण ते रोज त्यांच्या मानेचं आणि डोळ्यांचं हलणं मोजत बसलेलं असेल.

मोजतं म्हणजे किती मोजतं? स्टॅनफर्ड विद्यापीठात ५११ जणांना हेडसेट घालून ३६० अंशांचे व्हिडिओ दाखवले. डोकं आणि हात कसे हलतात एवढ्याच माहितीवरून, प्रत्येकाच्या पाच मिनिटांहूनही कमी नोंदीवर, यंत्राने ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला. हे २०२० मध्ये छापून आलंय. नाव नको, चेहरा नको. तालमीतला वस्तादही पाठमोरा पठ्ठ्या चालीवरून ओळखतो, पण वस्ताद ती ओळख कुणाला विकत नाही. नव्या महागड्या हेडसेटमध्ये तर नजर कुठं थांबली हेही टिपतात. आपण काय बघितलं हे मोबाईलला कळत होतंच. काय बघून आपण दचकलो, हे आता कळेल.

गेल्या निवडणुकीच्या हंगामात एका उमेदवाराचा माणूस येऊन गेला. "साहेब मतदाराच्या घरात, शेजारी बसून बोलल्यासारखं वाटेल असं काय करता येतंय का?" मी हात जोडले, म्हटलं एवढं बजेट आमचं नाही. पण त्याची बुद्धी योग्य दिशेने चाललेली होती. स्टॅनफर्डच्याच जेरेमी बेलेन्सन यांनी सहकाऱ्यांबरोबर मतदाराचा स्वतःचा चेहरा उमेदवाराच्या फोटोत थोडा मिसळून बघितला. २००८ चा अभ्यास. लोकांच्या लक्षात आलं नाही, आणि फारशा माहीत नसलेल्या उमेदवाराकडे कल वाढला. तो नुसता एक फोटो होता. आता कल्पना करा, साहेब प्रत्येक घरात वेगळे. आमच्या घरात आमच्या मामासारखे, तुमच्या घरात तुमच्या थोरल्या भावासारखे. गांधी मैदानातली सभा कितीही खोटी असली तरी हजारो लोक एकच भाषण ऐकतात आणि घरी जाताना चहाच्या गाड्यावर त्याची चिरफाड करतात. ज्याने त्याने वेगळे साहेब बघितले तर गाड्यावर बोलायचं कशावर?

पोरींच्या बाबतीत हे नुसतं उद्याचं राहिलेलं नाही. ऑनलाइन व्हीआरमध्ये अनोळखी आकृत्या अंगचटीला येतात अशा तक्रारी बायकांनी वर्षानुवर्षं केल्या, तेव्हा कुठे २०२२ मध्ये मेटाने, म्हणजे आधीच्या फेसबुक कंपनीने, आपल्या आभासी जगात आकृत्यांमध्ये साधारण चार फुटांचं अंतर सक्तीचं केलं. 'खरं थोडंच हात लावला' म्हणणारे भेटतात. त्यांना मी फळीवर उभं करतो.

बायकोला माझं हे सगळं तत्त्वज्ञान वाटतं. "आता काय लोक चारचौघांत रडतात होय? रात्री पांघरुणात कानात इअरफोन घालून रील बघत रडतात. तुमच्या त्या काकांना घरात विचारतं कोण? इथं निदान तुम्ही पाणी देताय." यातलं बरंचसं खरं आहे. एकटेपण हेडसेटने आणलेलं नाही, ते आधीच घरात येऊन बसलंय आणि हेडसेट त्याला खुर्ची देतो, एवढंच. तरी तिच्याशी माझं एका जागी अडतं. रील बघताना माणूस अर्धा आपल्या खोलीत असतो, कुणी दार वाजवलं तर ऐकू येतं. हेडसेट बनवणाऱ्यांची सगळी धडपड ते दार ऐकू येऊ नये याच्यासाठी आहे.

काका अजून येतात. मी त्यांना दोन हेडसेटचा एक खेळ लावून दिलाय, कॅरम. समोर बहुतेक वेळा मीच असतो. हरतात, चिडतात, "पॉकेट उजवीकडं सरकलं होतं" म्हणतात.

घरी घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला येणारे वाढलेत. त्यांना मी एकच सांगतो: टीव्हीला जोडून ठेवा. वाय-फाय चांगलं लागतं, चित्र जरा मागं पडतं, बॅटरी लवकर उतरते, आणि घालणाऱ्याला आपलं खासगी काही उरलं नाही असं वाटतं. बरेच जण या शेवटच्या कारणासाठीच नको म्हणतात. परवा एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "रूमवर टीव्ही नाही, मग?"

"मोबाईलवर कास्ट कर आणि मोबाईल रूम पार्टनरच्या हातात दे."

"पार्टनर पण नाही. एकटाच राहतोय."

"मग इथंच ये की."

"वीस मिनिटांचं किती घेताय?"

"दीडशे," बायको काउंटरवरून म्हणाली, "आणि फळीचे वेगळे."